डोंगर संजीवनीचा, गाडीवरचा माणूस मात्र कंत्राटी!

उरण तालुक्यात करंजा गावापाशी द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. हनुमान संजीवनी घेऊन जात असताना पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी कथा या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सिडकोने आपल्या नव्या नोडला नाव दिले तेही याच डोंगराचे. तेव्हा एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. मूर्च्छित माणसाला उठविणारी वनस्पती ज्याच्या नावाशी जोडलेली आहे, त्या द्रोणागिरीत रात्री दोन वाजता एखादा कामगार रस्त्यावर रक्ताच्या थारोळ्यात पडला, तर त्याला उचलायला कोण येते? पर्वत घेऊन कोणी येत नाही. येतो तो बारा तासांच्या पाळीवरचा, झोप न झालेला आणि खिशात नेमणूकपत्र नसलेला एक तरुण. आजचा लेख त्या तरुणाविषयी आहे.

गेल्या वर्षी पावसाळा संपताना असाच एक तरुण माझ्याकडे आला. वय अठ्ठावीस. जन्म गोवंडीतला. आजोबा दुष्काळात हिंगोलीकडून पोट भरायला मुंबईत आलेले. बारावीनंतर त्याने आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि पाच वर्षे मुंबईत रुग्णवाहिकेवर काम केले. पुढे घरच्यांनी गोवंडीतली खोली विकून द्रोणागिरीत एक लहानसे घर घेतले. नकाशावर हे नवी मुंबई. म्हणून त्याला वाटले, काम तेच राहील, हवा तेवढी चांगली मिळेल. काम तेच राहिले नाही.

तो म्हणाला, "वकीलसाहेब, मुंबईत मी पेशंट पोहोचवायचो. इथं मला पेशंट टिकवावा लागतो."

या एका वाक्यात शहरातील आणि गावाकडील आपत्कालीन सेवेचा सारा फरक आला. गोवंडी-चेंबूरहून निघालेली गाडी रहदारी धरूनही सायन किंवा राजावाडीला लवकर पोहोचते. जखमेवर दाब दिला, ऑक्सिजन लावला, की पुढची जबाबदारी मोठ्या रुग्णालयाची. येथे मोठ्या शस्त्रक्रियेची सोय हवी असेल, तर पनवेल, कामोठे, नेरूळ किंवा वाशी गाठावी लागते. म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटर, आणि तेही कंटेनरच्या रस्त्याने. करळ फाट्यापासून गव्हाण फाट्यापर्यंत ट्रेलरची रांग लागली, की सायरन नुसता ओरडत राहतो. चाळीस फुटी ट्रेलर बाजूला घ्यायला जागा तर हवी! तेवढा वेळ गाडीच्या मागच्या भागात एकटा माणूस श्वास मोजत, रक्त थांबवत, मान सरळ धरून बसलेला असतो. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला मोटार वाहन कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीत 'गोल्डन अवर' म्हणून स्थान दिले. येथे त्या तासाचा मोठा भाग रस्त्यावरच जातो.

आणि सगळे रुग्ण काही अपघाताचे नसतात. भातखाचरात साप चावलेली बाई असते, डोंगरावरच्या वाडीतील बाळंतीण असते. वाडीपर्यंत गाडी जात नाही, म्हणून झोळीत घालून फाट्यावर आणलेला कातकरी म्हातारा असतो. आधी मांत्रिकाकडे नेऊन उशीर केलेला रुग्ण आला, की तुम्ही त्या लोकांवर चिडत नाही का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "चिडून काय करू, साहेब? मांत्रिक त्यांच्यापासून पाच मिनिटांवर असतो आणि मी पन्नास मिनिटांवर."

अंधश्रद्धेवर व्याख्याने देणाऱ्या आम्हा सर्वांनी हे उत्तर लिहून ठेवावे. जेथे शासनाचा दवाखाना पोहोचत नाही, तेथे मांत्रिकाचा उंबरठा जवळचा होतो. अंधश्रद्धा डोक्यात असते हे खरे, पण तिला खतपाणी मिळते ते त्या पंचेचाळीस मिनिटांच्या अंतरातून.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. "रस्त्यावर पडलेला माणूस माझा हात घट्ट धरतो. त्या वेळी जात कोणी विचारत नाही. शुद्धीवर आला की आडनाव विचारतो." हे सांगताना तो हसत होता. मला मात्र हसू आले नाही.

आता हा प्रदेश कोणता, तेही पाहिले पाहिजे. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल व उरण या पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी उठले. त्या लढ्यात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि शिवडी-न्हावा शेवा असा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. बंदर आले, तेल-वायू प्रकल्प आला, यार्ड आले, पूल आला. परंतु सुसज्ज मोठे रुग्णालय आणि ट्रॉमा केंद्र या मागणीसाठी उरणकरांना वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागली, मोर्चे काढावे लागले. मालाचा डबा परदेशी बंदरात किती दिवसांत पोहोचेल याचा हिशेब येथे रोज मांडला जातो. जखमी माणूस टेबलावर किती मिनिटांत पोहोचतो, हा हिशेब कोण मांडतो?

धोका येथे कल्पनेतला नाही. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली आणि चौघांचा मृत्यू झाला. त्यांतील तिघे आग विझवायला गेलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते. म्हणजे वाचवायला धावलेलेच आधी गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकली आणि १५ जणांचे प्राण गेले. समुद्रातून काढलेल्या अनेकांना जेएनपीटीच्या धक्क्यावर आणले गेले. त्याच घारापुरीत राहणारे गावकरी आजारी पडले, तर त्यांच्यासाठी पहिली रुग्णवाहिका म्हणजे होडी. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. करंजाच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की खाडीपलीकडे रेवस दिसते. पण रस्त्याने जायचे, तर पेणचा वळसा. जिल्हा रुग्णालयाची बाजू डोळ्यांना दिसते, गाडीला दिसत नाही!

आणि १९ जुलै २०२३ ची रात्र कोण विसरेल? याच रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मदतीला आलेली माणसे पावसात, अंधारात डोंगर चढून गेली. रुग्णवाहिका पायथ्याशी उभ्या राहिल्या. गाड्यांची कमतरता नव्हती, गाडी जिथे संपते तिथून पुढचा रस्ता नव्हता. तो रस्ता माणसांनी पायांनी पुरा केला.

आता त्या तरुणाच्या प्रकरणाकडे येतो. ज्या कंत्राटदाराच्या गाडीवर तो होता, त्याचे नाव मी घेणार नाही. तक्रार कामगार खात्यापुढे आहे, आणि प्रकरण चालू असताना वकिलाने वर्तमानपत्रातून निकाल देऊ नये. घटना अशी. ऑगस्टमधील एका रात्री मोटारसायकलवरून पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराला ट्रेलरने उडविले. छातीला मार. याने त्याला गाडीत घेतले, ऑक्सिजन लावला. सिलिंडर अर्ध्याहून कमी भरलेला होता. गव्हाण फाट्याच्या पुढे तो संपला. पुढचा सारा रस्ता या मुलाने अंबू बॅग हाताने दाबत श्वास दिला. जखमी रुग्णालयात जिवंत पोहोचला आणि दोन दिवसांनी गेला. ऑक्सिजन पुरला असता तर तो जगलाच असता, असे मी म्हणत नाही. ते ठरविणे डॉक्टरांचे काम. पण या मुलाने दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये एवढेच लिहिले की सिलिंडर भरलेला नव्हता, आणि रोज पाळी सुरू होताना तो तपासून सही घ्यावी. पंधरा दिवसांनी त्याला फोन आला : उद्यापासून येऊ नकोस.

मी त्याला विचारले, नेमणूकपत्र कुठे आहे? नव्हते. पगारचिठ्ठी? नव्हती. होता तो एका यार्डाचा गेट पास, मोबाइलवरचे पाळीचे निरोप आणि बँकेच्या पुस्तकात काही महिन्यांच्या नोंदी. त्याही दोन निरनिराळ्या फर्मच्या नावांनी. गेट पासवर त्याचे पद लिहिले होते 'हेल्पर'. माणसाचा श्वास हाताने चालू ठेवणारा हा मुलगा कागदावर हमाल होता. कर्मचारी विम्याचे कार्डही त्याच्याकडे नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचा कारभार पाहताना बाबासाहेबांनी कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेला चालना दिली. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्याला इतकी वर्षे लोटल्यावर दुसऱ्यांना रुग्णालयात नेणारा कामगार स्वतः आजारी पडला, तर त्याने कुठे जावे?

हे एका कंत्राटदारापुरते असते, तर मी लेख लिहिला नसता. प्रश्न धोरणाचा आहे. आपल्या देशात १०८ क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ च्या जानेवारीत आली. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका; त्यांपैकी २३३ प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ प्राथमिक उपकरणांच्या. या सेवेने असंख्य जीव वाचविले आहेत, हे खुल्या मनाने मान्य केले पाहिजे. त्याआधी गावचा माणूस जीप, टेम्पो, बैलगाडी मिळेल त्यात घालून न्यावा लागे. परंतु देशभर या सेवेचा साचा एकच राहिला. गाड्या जनतेच्या पैशाने, चालविणारा निविदा भरणारा, आणि गाडीवरचा डॉक्टर, तंत्रज्ञ व चालक कंत्राटी. त्या चालकाला 'पायलट' म्हणतात. नाव विमानाचे, नोकरी बिगारीची!

कंत्राटी नेमणुकीचा खरा अर्थ चळवळीच्या वाचकाला सांगावा लागू नये. शासकीय पद भरायचे, तर जाहिरात निघते, बिंदुनामावली लागते, कलम १६(४) प्रमाणे आरक्षण लागते. निविदा काढली, की यातले काहीच लागत नाही. अनुसूचित जाती-जमातींतील आणि भटक्या-विमुक्तांमधील मुले या गाड्यांवर दिसतात, ती आरक्षणाने आलेली नाहीत. पडेल त्या पगारावर राबायला तयार आहेत म्हणून आलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात मागच्या दाराने कायम होण्याचा मार्ग बंद केला. सरकारांनी तो निकाल वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला हाकलण्यासाठी वापरला. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात त्याच न्यायालयाला सांगावे लागले, की नित्याचे आणि अत्यावश्यक काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या नावाखाली करून घेणे हा त्या निकालाचा गैरवापर आहे. अपघात रोज होतात. मग ते उचलणाऱ्याचे काम तात्पुरते कसे?

कोणी म्हणेल, कंत्राटी असो की कायम, काम झाले म्हणजे झाले. त्यांना मी रायगड जिल्ह्यातलाच दाखला देतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर होऊन महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. ते डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत मरत. हे डॉक्टर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसले, रक्तदाब आणि नाडी लिहून ठेवत गेले, जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांशी पत्रव्यवहार करत राहिले. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे काम छापून आले. प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा विंचूदंशावर उपयोग त्यांनी रूढ केला आणि चाळीस टक्क्यांच्या घरातील मृत्युप्रमाण एक टक्क्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम कोणत्या बळावर झाले? बुद्धी आणि जिद्द तर होतीच. पण ते बाहेरून येऊन या मातीत टिकले. रुग्ण तेच, विंचू तोच, आणि डॉक्टरही तोच राहिला. दर वर्षी बदलणारा माणूस फाईल भरतो. टिकलेला माणूस रोग ओळखतो. कोणत्या वळणावर कोणत्या महिन्यात अपघात होतात, कोणत्या वाडीचा रस्ता कोणत्या पावसात तुटतो, हे ज्ञान निविदेत लिहून मिळत नाही.

परदेशातील एक दाखला तर आपल्या सर्वांनी मुलांना सांगावा असा आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९६० च्या दशकात जखमींना पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. काळ्या लोकांच्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीत तर तीही वेळेवर येत नसे. १९६७ साली तेथे 'फ्रीडम हाऊस' नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. कृत्रिम श्वसनाच्या तंत्रासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. पीटर सफार यांनी त्याच वस्तीतील बेकार काळ्या तरुणांना शेकडो तासांचे कठोर प्रशिक्षण दिले. ज्यांना शहर नालायक समजत होते, ते आधुनिक आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे पहिले शिलेदार ठरले. १९७५ साली पालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि 'फ्रीडम हाऊस' बंद पडले. नव्या सेवेत या अनुभवी काळ्या माणसांपैकी बहुतेकांना हळूहळू बाहेरची वाट दाखविण्यात आली. ज्ञान त्यांचे घेतले, नोकरी दुसऱ्यांना दिली. ही गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटत नाही, यातच सारे आले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. पोलिसी सोपस्कार नंतर. त्या प्रकरणातील स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने नाकारून वीस किलोमीटर दूर पाठविले होते, आणि तो वाटेतच गेला. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. हकीम शेख हा शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठविले. न्यायालयाने म्हटले, वेळेवर उपचार नाकारणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. त्याच निकालात रुग्णवाहिकेची सोय करण्यास सांगताना तिच्यात आवश्यक उपकरणे आणि वैद्यकीय माणसे असावीत, असेही म्हटले आहे. गाडी, उपकरण आणि माणूस ही तिन्ही नावे निकालात आहेत. रिकामा सिलिंडर आणि 'हेल्पर' पदाचा गेट पास या निकालात कुठेच बसत नाहीत.

वाचकांनी आणखी काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने जी योजना लागू झाली, तिच्यानुसार आणीबाणीतील रुग्णाला आधी दाखल करून घेऊन स्थिर करणे बंधनकारक आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसी ससेमिरा लागू नये, म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आले. तेव्हा "कोर्टाच्या फेऱ्या नकोत" म्हणून जखमीला रस्त्यावर सोडून जाऊ नका. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू झाली. रुग्णालयात पैशाची मागणी झाली, तर तिचे नाव घ्या.

गुजरातने २००७ साली आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र कायदा केला. राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राने असा कायदा करावा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, आपत्कालीन सेवा हा नागरिकाचा हक्क आहे. दुसरी, रुग्णवाहिकेवरील डॉक्टर, तंत्रज्ञ आणि चालक ही मंजूर, आरक्षणासह भरली जाणारी पदे आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन तंत्रज्ञांच्या व्यवसायाला मान्यता दिलीच आहे. आता त्या मान्यतेला पगार जोडा. तिसरी, सिलिंडर रिकामा आहे असे लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला कामावरून काढणे हा गुन्हा आहे.

आणि आपण काय करायचे? आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली, हे आपण विहारात ऐकतो. मग विहारातच महिन्यातून एक दिवस रक्तस्राव कसा थांबवावा, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवावे, सर्पदंशात काय करू नये, हे शिकविणारा वर्ग का नसावा? कंत्राटी कामावर असलेल्या मुलांनी गेट पास, निरोप, बँकेच्या नोंदी, पाळीचे फोटो जपून ठेवावेत. उद्या न्यायालयात तेच तुमचे नेमणूकपत्र ठरेल.

तो तरुण सध्या दुसऱ्या एका गाडीवर बदली म्हणून जातो. परवा रात्री भेटला. पाळीवर निघाला होता. मी विचारले, तक्रारीची भीती वाटत नाही? तो म्हणाला, "साहेब, आता गाडीत बसायच्या आधी मी सिलिंडर बघतो. काटा कमी असेल तर लिहितो. काढायचं असेल तर काढू देत." आणि तो करळ फाट्याच्या दिशेने निघून गेला. मागे द्रोणागिरीचा डोंगर अंधारात उभा होता.